हिरोशिगेचा पाऊस ब्रशने कसा काढावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटाच आहे, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल. कंटाळा आला तर सरळ शेवटच्या परिच्छेदावर जा.

मी पोस्टात होते. आयुष्य काउंटरच्या जाळीमागे गेलं. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. इंटरमिजिएटला बी ग्रेड, तीसुद्धा मेमरी ड्रॉइंगला मास्तरांनी दया दाखवली म्हणून. जपानी चित्रांशी ओळख तिकिटांमुळे झाली. आमचे एक साहेब तिकिटं जमवायचे. त्यांच्या अल्बममध्ये १९४९ सालचं एक उभं जपानी तिकीट होतं, त्यावर पूर्ण चंद्र आणि त्याच्यासमोरून उतरणारे रानहंस. हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकाराचं चित्र. साहेब ते चिमट्यानेच उचलायचे, आम्ही नुसतं वाकून बघायचं.

आता माझा लेक टोकियोत हामाचो स्टेशनजवळ राहतो. गेल्या जून-जुलैत मी तिकडे होते, म्हणजे ऐन त्यांच्या पावसाळ्यात. आपल्या नाशिकला झड लागते तसंच, फक्त घाम दुप्पट. संध्याकाळी पाऊस थांबला की मी सुमिदा नदीवरच्या शिन-ओहाशी पुलावर फिरायला जायची. आता तिथे नारिंगी-पिवळ्या खांबांचा, केबलवर तोललेला १९७७चा पूल आहे. त्याच्या आधी १९१२चा लोखंडी पूल होता. १९२३च्या भूकंपात तो टिकला आणि त्यावर आसरा घेतलेली माणसं वाचली, म्हणून लोक त्याला ‘माणसं तारणारा पूल’ म्हणायचे. त्याचा एक तुकडा आइची प्रांतात मेइजी-मुरा इथे जपून ठेवलाय. आणि त्याच्याही आधीचा लाकडी पूल म्हणजे हिरोशिगेच्या चित्रातला: ‘ओहाशी पूल आणि आताके इथे अचानक आलेली सर’. साल १८५७, ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ मालिकेतलं (एदो म्हणजे जुनं टोकियो). नाव शंभरचं, चित्रं मात्र शंभराहून जास्त आहेत. आपल्या भाजीवाल्यांसारखं, वर चार मिरच्या.

चित्र बघितलं नसेल तर सांगते. वरून काळा ढग उतरलाय. पुलावर माणसं पळताहेत आणि चेहरे जवळजवळ कोणाचेच दिसत नाहीत. कोणी छत्रीत शिरलंय, कोणी गवताची चटई डोक्यावर घेतलीय, अगदी आपलं इरलं. पलीकडचा काठ, म्हणजे आताके, करड्या सावलीसारखा तिरपा गेलाय. खाली नदीत एक जण लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा बांबूने रेटत निघालाय, त्याला पावसाचं सोयरसुतक नाही. आणि या सगळ्यावरून पावसाच्या रेघा, वरपासून खालपर्यंत, केसाएवढ्या बारीक.

आसाकुसाच्या एका दुकानात याच चित्राची लाकडी ठशांवरून नव्याने छापलेली प्रत होती. किंमत बघून मी ती हळूच जागेवर ठेवली. लेक म्हणाला, “आई, घेऊ या ना.” मी म्हटलं, “घेऊ नको, मी काढून देते.” बोलून बसले!

चार कागद वाया गेलेत. पहिला जाड वॉटरकलरचा, खडबडीत. त्यावर रेघ तुटक येते. दुसरा हातकागद, त्यावर शाई टीपकागदासारखी पसरली. तिसऱ्यावर पोस्टर कलरने नदी आणि पूल छान जमले, पण वरून पाऊस काढायला घेतला तर खालचा रंग विरघळून रेघ निळी-चिखलट. चौथ्यावर ढग असा आला की सूनबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आई, छताला ओल आलीय का?”

तर विचारायचं ते असं. वरचा ढग काळ्यापासून हळूहळू विरत कसा आणायचा? पाऊस हाताने ओढता येतो की नाही? रंग उठू नये म्हणून काय करायचं? आणि चित्रात हिरोशिगेच्या सहीची पट्टी आहे, ती काढायची की कोरी सोडायची? दिवाळीच्या आधी पार्सल जायला हवंय.

कॉपीपेस्ट_पुणेरी

मोठमोठ्या म्युझियमच्या साइटवर हे चित्र चांगल्या रेझोल्यूशनमध्ये फुकट उतरवता येतं. मॅट पेपरवर प्रिंट काढा, फ्रेम करा, विषय संपला. दिवाळी कशाला, उद्या कुरिअर होईल.

गोदाकाठ

अहो, तुमचं अगदी बरोबर आहे. लेकही हेच म्हणाला. पण मग मी दुपारी दोन ते चार काय करू?

पाटीवाला_मिरज

ताई, चित्रातलं मला कळत नाही, पण रेघेतलं कळतं. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानाच्या पाट्या, ट्रकची फळकुटं, निवडणुकीच्या भिंती, गणपती मंडळांचे बोर्ड. फ्लेक्स आला आणि हात रिकामा झाला. पोरगं आता फ्लेक्सच छापतं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.

तुम्ही पाठवलेला चौथ्या कागदाचा फोटो मोठा करून बघितला. तुमच्या रेघेला डोकं आहे आणि शेपूट आहे. ब्रश टेकता तिथे थेंब, उचलता तिथे टोक. पाऊस राहतो बाजूला, बेडकाची पिल्लं दिसतात. राग मानू नका.

रेघ चित्रात सुरू करायचीच नाही. चित्राच्या चारी बाजूंनी रद्दी पेपरच्या पट्ट्या लावा. रेघ वरच्या पेपरवर सुरू करा, चित्रावरून न्या, खालच्या पेपरवर उतरवा. डोकं आणि शेपूट दोन्ही रद्दीवर राहतात, चित्रात येतो तो मधला सरळ भाग.

ब्रश ठेवून द्या. रूलिंग पेन मिळवा, दोन पाती आणि मध्ये स्क्रू असतो ते. जुन्या इंजिनीअरिंगवाल्यांच्या कंपास पेटीत हमखास सापडतं. स्क्रूने रेघेची जाडी बांधून घेतली की शेवटपर्यंत तीच. शाई बुडवून घ्यायची नाही, ब्रशने पातीत एक थेंब सोडायचा. पट्टीच्या खाली दोन रुपयाची नाणी चिकटवा, म्हणजे पट्टी कागदापासून उचललेली राहील. नाहीतर शाई पट्टीखाली ओढली जाते आणि सगळ्या कामाची माती होते.

अजून एक. डावीकडून सुरू करून ओळीने उजवीकडे जाऊ नका. दर रेघेला कोन केसभर सरकतो आणि शंभराव्या रेघेला पाऊस आडवा पडतो. आधी डावी कडेची, मग उजवी कडेची, मग मधली, मग त्यांच्या मधल्या. हात खांद्यातून हलवायचा, मनगट बांधलंय असं समजायचं. श्वास सोडत ओढा. रद्दीवर दोनशे रेघा झाल्याशिवाय चित्राला हात लावू नका.

चेरीची_फळी

काकू, मी दहा वर्षं टोकियोत आहे आणि त्यातली दोन वर्षं शनिवारी सकाळी ठसे कोरण्याच्या वर्गाला जातो. म्हणजे शिकाऊच, पण तुमच्या प्रश्नात मी स्वतः बोटं कापून घेतलीत, म्हणून लांबलचक लिहितो.

हिरोशिगेचा पाऊस ब्रशने काढणं अवघड जातंय, कारण तुम्ही बघताय तो पाऊस ब्रशचा नाहीच. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करायचा. कोरणारा तो कागद पालथा करून पहाडी चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि कागदासकट लाकूड कोरायचा. रेखाटन त्यातच संपून जायचं. त्यामुळे लोक ‘मूळ चित्र’ कुठे आहे विचारतात तेव्हा दाखवायला काही नसतं. छापलेली प्रत हेच मूळ, आणि ती चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक अशा चौघांची. या मालिकेचा प्रकाशक होता उओया एइकिची. हिरोशिगे दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, गेला.

आता पाऊस. लाकडात रेघ कोरायची म्हणजे रेघ कोरायचीच नसते. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं, उरतो तो बारीक बांध म्हणजे रेघ. मी वर्गात एकदा हौसेने पावसाच्या दहा रेघा कोरायला घेतल्या. सहाव्या रेघेपर्यंत तीन मोडल्या. सेनसेईंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, फळी हातात घेतली, उजेडात तिरपी धरून बघितली आणि म्हणाले, “हा पाऊस थांबत आलाय.” बरं, या चित्रात पावसाची एक फळी नाही, दोन आहेत. दोन्हींचा कोन किंचित वेगळा, म्हणून रेघा कुठे जवळ येतात, कुठे एकमेकींना छेदतात, आणि सर अंगावर आल्यासारखी वाटते. तुम्ही सगळ्या रेघा समांतर ओढल्या तर वहीचं पान होईल. पाटीवाल्या काकांची पद्धत दोनदा वापरा: आधी एका कोनात फिक्या शाईने, पूर्ण वाळल्यावर पट्टी जराशी फिरवून दुसऱ्या कोनात थोड्या गडद शाईने.

रूलिंग पेन नाही मिळालं तर इथली एक युक्ती आहे, मिझोबिकी. पट्टीला लांबीभर खाच असते. एका हातात ब्रश आणि काचेची कांडी अशा धरायच्या जशा चॉपस्टिक धरतात. कांडीचं टोक खाचेतून सरकतं, ब्रश तिच्याबरोबर कागदावर सरळ जातो. सुरुवातीला दोन्ही हातातून पडतात. आठवडाभराने फक्त कांडी पडते.

ढगाची गोष्ट बरोबर उलटी. ढग कुठेच कोरलेला नसतो. फळीचा तो भाग कोरा, सपाट. छापणारा ओल्या फडक्याने फळी पुसतो, वरच्या अंगाला शाई घालून ब्रशने पसरवतो. ओलाव्यात शाई आपोआप विरत जाते, की वर कागद ठेवून बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल दाबणीने, दाबायचा. याला म्हणतात बोकाशी. दर प्रतीला हे नव्याने करावं लागतं. म्हणून दोन म्युझियममधल्या प्रती शेजारी ठेवून बघा, पाऊस जिथल्या तिथे आणि ढग मात्र दोघींचे वेगळे. एखाद्या प्रतीत ढग नुसता पट्टा, एखाद्यात लोंबायला लागलेला.

म्हणून सांगतो, पावसात हट्ट धरा, ढगात सोडा. तुम्ही नेमकं उलट केलंय. ढग हुबेहूब यावा म्हणून घासत बसलात आणि पाऊस मोकळ्या हाताने सोडलात.

ढगासाठी कागद फळ्याला चिकटवून थोडा तिरपा ठेवा, ढगाची बाजू खाली. म्हणजे चित्र उलटं. रुंद ब्रशने साध्या पाण्याचा हात द्या, पाण्याची चकाकी गेली की खालच्या कडेला पातळ शाईचा एक फटकारा, आणि लगेच दुसऱ्या, फक्त ओल्या ब्रशने त्याची वरची कड सोडवा. एका वेळी गडद करायचं नाही. तीनदा-चारदा, दर वेळी पूर्ण वाळू देऊन. ओलसर असताना ‘एवढंच नीट करते’ म्हणून हात लावलात की सूनबाई म्हणाल्या ते होतं.

कागद: हातकागदावर शाई पसरली, कारण त्याला खळ नव्हती किंवा कमी होती. इथे कागदाला दोसा देतात. नाव खाण्याचं वाटलं तरी ते सरस आणि तुरटीचं पाणी आहे. सरस कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात सरसाच्या निम्म्याहून कमी तुरटी, आणि रुंद मऊ ब्रशने कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक हात. तुरटी जास्त झाली तर काही वर्षांत कागद आंबट होऊन कडकडीत होतो आणि मोडतो. सुताराचा सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा असतो आणि वासही येतो, घरात चालणार नसेल तर विचार करा. बिनचवीचं जिलेटिन वापरलं तरी काम होतं, पण तेही त्याच घराण्यातलं.

रंग उठण्यावरही तेच औषध. नदी, काठ, पूल सगळं रंगवून वाळलं की अगदी पातळ दोसाचा एक हात वरून. एकदाच फिरवायचा, परत मागे यायचं नाही. तो वाळल्यावर पाऊस.

निळ्यासाठी प्रशियन ब्लूच घ्या. बर्लिनहून आलेला म्हणून जपानी लोक त्याला ‘बेरो-आई’ म्हणायचे. १८३०च्या सुमारास तो स्वस्त झाला आणि हिरोशिगे आणि त्याच काळातला दुसरा चित्रकार होकुसाई यांची पाणी-आभाळं एकदम निळी झाली. त्याआधी नीळ होती आणि उजेडात लवकर उडणारा एक फुलांचा निळा. प्रशियन ब्लू ट्यूबमधून जसाच्या तसा लावला तर डोळ्यांना टोचतो. छापताना रंग दाबाने कागदाच्या तंतूंत शिरतो, प्रत उलटी केली तर मागूनही दिसतो. ब्रशचा रंग वर बसतो. यावर जुन्या जपानी चित्रकारांचा उपाय आहे, मागच्या बाजूनेही रंगवायचं. पातळ कागद असेल तर पलीकडच्या आताकेच्या काठाचा करडा रंग मागून लावून बघा. (आताके हे नाव शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, आताके-मारू या मोठ्या जहाजावरून पडलं, ते तिथे नांगरलेलं असायचं.)

आणि कोणत्या प्रतीवरून काढताय ते एकदाच ठरवा. नेटवर दहा फोटो दहा रंगांचे आहेत. एका म्युझियमची एक प्रत धरा आणि शेवटपर्यंत तिचीच राहा.

आम्स्टलवेनकर

हे चित्र ब्रशने उतरवणारी काकू काही पहिली नव्हे. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने हेच चित्र तैलरंगात उतरवलं. ते आता ज्या अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे, ते माझ्या घरापासून ट्रामने अर्ध्या तासावर आहे, पाहुणे आले की मीच त्यांना फिरवतो, म्हणून चित्र पाठ झालंय.

त्याच्याकडे जपानी प्रतींचा मोठा गठ्ठा होता, पॅरिसच्या बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला. शेकड्यांनी. त्याने केलेल्या तीन नकला प्रसिद्ध आहेत: हा पाऊस, हिरोशिगेचीच कामेइदोची जर्दाळूची बाग, आणि एइसेन या दुसऱ्या जपानी चित्रकाराची गणिका. गणिकेचं चित्र त्याने एका फ्रेंच मासिकाच्या मुखपृष्ठावरून ट्रेस केलं. गंमत म्हणजे मासिकाने ते आरशातल्यासारखं उलटं छापलं होतं, त्यामुळे व्हॅन गॉगची बाईही उलट्या बाजूला बघते. नकलेची नक्कल करताना असं होतं. चेरीची_फळी म्हणतात ते ‘एकच प्रत धरा’ खरं, पण ती धड आहे ना तेही बघा.

त्याच्या पावसाबद्दल माझं मत विचाराल तर पाऊस त्याला जमलेला नाही. नदी जमलीय. हिरोशिगेचं पाणी सपाट, गुळगुळीत. याने ते ब्रशच्या फटकाऱ्यांनी भरलं आणि रंग सगळे चढवले. मूळ चित्राचं माप त्याच्या तयार कॅनव्हासशी जुळेना, तेव्हा उरलेल्या जागेत भोवती चौकट काढली आणि तीत दुसऱ्या प्रतींवरून उचललेली जपानी अक्षरं भरली. त्याला जपानी येत नव्हतं. म्हणजे काकू, तुमच्या सहीच्या प्रश्नावर व्हॅन गॉगचं उत्तर असं की हवं ते लिहा!

हल्लीचं उदाहरण हवं तर आजचा जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी. २०२४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने आपल्याकडचा हिरोशिगेचा हा संच बाहेर काढला. उजेडाने रंग उडतात म्हणून असे संच वर्षानुवर्षं पेटीतच असतात. त्या वेळी मुराकामीने या मालिकेवरून स्वतः मोठमोठी चित्रं करून शेजारी लावली. तेव्हा हाताने नक्कल करण्याला कमीपणा मानायचं कारण नाही.

भिंतीवरची_लाट

मी काढलं नाही, विकत घेतलं आणि पस्तावलो. ‘शंभर टक्के हाताने रंगवलेली’ होकुसाईची लाट, कॅनव्हासवर तैलरंग, दोन फूट बाय तीन फूट, एका ऑनलाइन दुकानातून. हाताने रंगवलेली होती यात शंका नाही, रंगाचे ढेकूळ बोटाला लागतात. पण फेसाची जी नखं असतात ना, लाटेच्या टोकाला पंजे उगारल्यासारखी, त्यांचं झालंय श्रीखंड. मूळ चित्र जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर, हातात धरून बघायचं. ते एवढं ताणल्यावर मधल्या सपाट जागेत काय करायचं हे रंगवणाऱ्यालाही सुचलं नसावं, त्याने तिथे आणखी लाटा घातल्या. तीन होड्या होत्या, दोनच राहिल्या. मागचा फुजी पर्वत शोधावा लागतो.

सहीचा किस्सा ऐका. मूळ चित्रावर डावीकडे वर लिहिलेलं असतं ‘होकुसाई, नाव बदलून इइत्सु, याने काढलं’. नावं बदलायची त्याला फार हौस होती. आमच्याकडे जेवायला आलेल्या एका जपानी पाहुण्यांनी माझ्या चित्रावरची सही बराच वेळ निरखली आणि फार नम्रपणे विचारलं, “हे कोणत्या भाषेत आहे?”

काकू, सही करायचीच तर ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्या. नाहीतर नका करू.

पाटीवाला_मिरज

सहीबद्दल माझं वेगळं म्हणणं आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं काढली. कन्नड येत नाही, तरी सीमेवरच्या गावांत कन्नड पाट्या रंगवल्या आणि एकही चुकली नाही. वाचायला गेलं की चुकतं, चित्र म्हणून उतरवलं की चुकत नाही. पाटी उलटी ठेवून काढायची. ताई, सहीची पट्टी काढा, पण उलटी ठेवून. आणि मागच्या बाजूला स्वतःचं नाव घाला. पाटीखाली पेंटरचं नाव असतंच की बारीक अक्षरात.

गोदाकाठ

मंडळी, तीन आठवडे गप्प होते. कारण करत होते. आता अहवाल.

तुरटी ह्यांच्या दाढीच्या डब्यातून मिळाली. सरस आणायला जुन्या नाशकात एका हार्डवेअरवाल्याकडे गेले, तो म्हणाला, “आजी, आता सरस कोण वापरतं, फेव्हिकॉल घ्या.” शेवटी जिलेटिनवर भागवलं. हातकागद पातळ आणला होता, दोन्ही बाजूंनी हात देऊन दोरीवर वाळत घातला. शेजारीण विचारून गेली, पापड आहेत का. वाळल्यावर शाई लावून बघितली तर जिथल्या तिथे! मी एवढी खूश झाले की त्या दिवशी पुढे कामच केलं नाही.

आताकेचा काठ मागून रंगवला. हा सल्ला ज्याने दिला त्याचं भलं होवो. पुढून बघितलं तर रंग आहे आणि नाहीही, जसा पावसात पलीकडचा काठ दिसतो तसा. आमच्या गोदेला पूर आला की होळकर पुलावरून पंचवटीची बाजू मला अशीच दिसते.

ढगाचे चार हात दिले. तिसऱ्या वेळी फोन वाजला आणि शाई जरा जास्त खाली उतरली. आधी जीव गेला. मग आठवलं, दर प्रतीचा ढग वेगळा. तसाच ठेवला. आता तो डावीकडे लोंबतोय आणि मला आवडायला लागलाय.

पावसासाठी भाचेजावयांच्या कंपास पेटीतलं रूलिंग पेन मिळालं, गंजलेलं. रॉकेल आणि पॉलिश पेपरने साफ केलं. पाटीवाले भाऊ, दोनशे नाही, पण रद्दीवर दीडशे रेघा मोजून मारल्या. पट्टीखाली नाणी लावली. पहिली फळी फिक्या शाईने, दुसरी एक दिवसाने. दुसरीच्या वेळी पट्टी किती फिरवायची ते कळेना, तेव्हा वरच्या कडेला पाव इंच सरकवली. रेघा मोजल्या नाहीत. पुलावरच्या माणसांच्या छत्र्यांवरून रेघ जाताना हात आखडतो. वाटतं, एवढ्या मेहनतीने काढलेल्या छत्रीवर आपणच ओरखडा काढतोय. एक रेघ तिथेच थबकली, नीट बघितलं तर दिसते. बाकी सगळ्या आरपार गेल्या. तराफेवाल्याच्या पाठीवरूनही.

सही उलटी ठेवून काढली. लेकाला फोटो पाठवला, त्याने ऑफिसमधल्या एका बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, वाचता येतं.

चेरीची_फळी

काकू, फोटो बघितला. थबकलेली रेघ मला सापडली नाही. सापडली तरी सांगणार नव्हतो. पार्सल गुंडाळून ट्यूबमधून पाठवताय का? कागदाला खळ दिलेली आहे, गुंडाळलात तर वरचा थर तडकू शकतो.

गोदाकाठ

बाळा, पार्सल कसं बांधायचं ते पोस्टातल्या बाईला सांगायचं नाही.

दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट, मध्ये बटर पेपर, पुठ्ठ्यांच्या पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवायच्या म्हणजे वाकत नाही. त्यावर प्लॅस्टिक, कारण तिकडे टायफूनचे दिवस. चारी कोपऱ्यांना दुहेरी टेप. काउंटरवर नवीन मुलगी होती, तिने कस्टम्सच्या फॉर्मवर ‘पेंटिंग’ लिहिलं आणि विचारलं, “कोणाचं?” मागे रांग होती. मी म्हटलं, “माझंच लिही.” चित्राच्या मागे मात्र पेन्सिलीने नीट लिहिलंय: हिरोशिगे, १८५७, यांच्यावरून, खाली माझं नाव, नाशिक, आणि ‘पाचवा कागद’.